काळा ठिपका

—नाही हो बाई, यंत्राला कशाला बोल लावता, यंत्र बिचारं थाप मारत नाही, या दुकानात थापा मारायचं खातं माझ्याकडे आहे. पुन्हा बघायचंय? बघा. ही तुमची अंगठी — ठेवली डबीत, लावलं झाकण, आत जांभळा दिवा लागला, आता दिवा बंद — लावा डोळा या फटीला — दिसतोय ना अजून उजेड? दिवा विझला तरी खडा विझत नाही, दोन-चार क्षण एकटाच धुगधुगत राहतो. हा कारखान्यातला, लॅबचा. आता ही दुसरी, तुमच्या ताईंची. दिवा लावला — बंद केला — गुडूप अंधार. हा जमिनीतला. दोनदा बघून झालं, तिसऱ्यांदा बघून तो काही जात बदलणार नाही. ताईंचा जमिनीतला, तुमचा भट्टीतला. बसा ना, उठताय कुठं लगेच, चहा सांगतो. नको? बरं, मग मीही नाही घेत, पण बसा. दोन मिनिटं.

खोटा म्हणू नका मात्र. हिराच आहे तोही. दोघं सख्खे भाऊ समजा — एक घरी जन्मला, एक दवाखान्यात. पण लोकांचं डोकं फिरलंय, त्याला कोण काय करणार? पूर्वी बायका आल्या की एकच प्रश्न — केवढा आहे? आता केवढाही मिळतो, बोराएवढा घ्या, लिंबाएवढा घ्या. माझ्याकडे एक बाई येतात, त्यांच्या बोटात एवढा मोठा खडा की चहाचा कप उचलायला दुसऱ्या हाताचा टेकू द्यावा लागतो — हसू नका, डोळ्यांनी पाहिलंय, म्हणजे टेकू नाही पाहिला, पण खडा पाहिला. तर आता मोठ्याला कोणी विचारीना, म्हणून खऱ्या श्रीमंतांनी काय केलं? बारीक केले. मोहरीएवढा खडा, कुंकवाच्या कोयरीत हरवेल एवढा, पण पर्समध्ये सर्टिफिकेट, आणि कोणी विचारलं नाही तरी ‘आमचा नॅचरल हं’. आणि एक जोडपं येतं, त्यांची खरी अंगठी बँकेत, हुबेहूब लॅबची बोटात — आणि त्या लॅबचीसुद्धा चोरी होईल म्हणून तीही कपाटात, बाई मोकळ्या बोटानं फिरतात! एकाच्या पोपटानं तर हिरा गिळला होता, मालक तीन दिवस पिंजऱ्याखाली वर्तमानपत्र धरून बसला, चौथ्या दिवशी निघाला तेव्हा म्हणतो, आधी तपासून द्या, लॅबचा असेल तर पोपटाला परत देतो —

बरं, राहिलं. नाही सांगत. तुम्ही हसायला आलेल्या नाही, कळतं मला.

घाई कसली आहे पण? खाली गाडीत भाची बसलीय — हो, ते बोललात मघाशी. तिनंच दिली ना ही अंगठी, आईच्या कपाटातली? ‘मावशी, माझी आई चोर नव्हती, हवं तर तपासून घे’ असं म्हणाली? पोर आईवर गेली. आणि आता तुम्ही खाली जाऊन तिच्या हातावर ही ठेवणार आणि सांगणार, बघ, निघाला खरा, तुझ्या आईनं आमच्या आईचा हिरा स्वतःला ठेवला आणि मला भट्टीतला चिकटवला. एवढंच सांगायचंय ना? मग दोन मिनिटं उशिरा सांगितलंत तर काय बिघडलं? ज्यांच्याविषयी सांगायचं त्या तर गेल्या. दोन महिने झाले नाही का? मला पेपरात कळलं. यायला हवं होतं मी. नाही आलो.

मला माहीत आहे हो तुम्हाला कुठं कळ लागली ते. लेकीच्या होणाऱ्या सासरचं दुकान, तिथं ते असलंच यंत्र नवीन आणलेलं, गंमत म्हणून सगळ्या बायकांनी एकेक अंगठी घालून बघितली, टाळ्या, हशा, विहीणबाईंची गुडूप, त्यांच्या जावेची गुडूप, आणि तुमची — तुमची धुगधुगत राहिली. बारा-चौदा बायका. कोणी काही बोललं नाही म्हणालात, विहीणबाईंनी फक्त विषय बदलला. तेच वाईट. कोणी हसलं असतं तर परवडलं असतं. तुम्ही तिथूनच ताईंना फोन लावलात. बरोबर आहे, आईच्या कानातल्यांचे दोन हिरे, दोघी बहिणींच्या दोन सारख्या अंगठ्या, आणून दिले ताईंनी, घेऊन गेल्या ताई, मध्ये दुसरं कोण आहे? कुणाच्याही डोक्यात तेच येईल. मध्ये मी आहे हे कोणाच्या डोक्यात येत नाही. खडे बसवणाऱ्या माणसाला लोक हातोडी-चिमट्यातच जमा धरतात, त्याला काय विचारायचं? आणि दगड तडकला तेव्हासुद्धा —

काही नाही. कोण म्हणालं तडकला?

म्हणालो का? …हं.

असं बघता होय माझ्याकडे. तुमच्या ताईसुद्धा असंच बघायच्या, भिंग न लावता आरपार. ठीक आहे. तडकला. सहा वर्षं झाली. इथंच बसल्या होत्या त्या, म्हणाल्या मला बघायचंय आईचे हिरे कसे बसवता ते, आणि मी, कोणी बघतंय म्हटल्यावर माझ्या अंगात येतं, मी बडबडत होतो, काय सांगत होतो आठवत नाही — खोटं कशाला बोलू, आठवतं, तो पोपटच सांगत होतो — आणि कोंदणाचं शेवटचं नख दाबलं, आणि टक्. एवढासा आवाज. आत जुनी चीर असणार, आईंच्या कानात चाळीस वर्षं शांत राहिली आणि माझ्या हाताखाली बोलली. दोन तुकडे. मी पंचवीस वर्षांत कधी असा — जाऊ दे. ताई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, दुसरा शाबूत आहे ना? म्हटलं आहे. मग म्हणाल्या, तो धाकटीच्या अंगठीत घाला. माझ्यात तो हल्लीचा कारखान्यातला बसवा, कुणाला कळणार आहे. आणि तिला सांगायचं नाही.

थांबा. माझं होऊ द्या. अर्ध्यात उठलात तर माझ्याच्यानं पुन्हा नाही सांगवणार.

मी तसाच लॅबचा आणला, मापाचा, घाटाचा, आई ओळखणार नाही असा. दोन पुड्या केल्या, एकीवर पेन्सिलीनं ‘थोरली’, एकीवर ‘धाकटी’. तिथवर सगळं नीट. मग शनिवारी एक बडं गिऱ्हाईक आलं — आणि माझा एक खेळ असायचा, बाई. दोन्ही खडे काळ्या मखमलीवर ठेवायचे आणि म्हणायचं, सांगा बघू जमिनीतला कुठला? लोक भिंग लावतात, श्वास सोडतात, चाटूनसुद्धा बघितलंय एकानं. कोणाला ओळखू येत नाही, मला मोठी मौज वाटायची. त्या दिवशी तुमच्या आईंचा हिरा काढला मी या खेळाला. गिऱ्हाइकानं उचलले, फिरवले, खाली ठेवले, उजव्याचा डावा झाला. मला काय भीती! आईंच्या हिऱ्याला कडेला एक काळा ठिपका होता, तिळाच्या शंभराव्या भागाएवढा. भिंग लावलं, ठिपका दिसला, ठेवला तो ‘धाकटी’च्या पुडीत. दुसरा बघितलाच नाही. कशाला बघू? डाग असतो तो खऱ्याला, कारखान्यातल्या मालाला डाग कुठला — ही माझी पंचवीस वर्षांची अक्कल. भट्टीत लोखंडाचा कण अडकतो आणि तिथंही तसाच ठिपका पडतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. दोघांनाही होता ठिपका.

म्हणजे कळलं ना? तुमच्या ताई चार वर्षं आईचा हिरा बोटात घालून हिंडल्या आणि त्यांना वाटायचं आपल्या बोटात भट्टीतला आहे. आईचा धाकटीकडे आहे, असं समजून हिंडल्या.

मग तुमचा तो ताईंना फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर अर्धं वर होतं तेव्हाच त्या आल्या. अंगठी तळहातावर, आणि हे यंत्र तेव्हा माझ्याकडे नव्हतं. म्हणाल्या, तुमच्याकडून अदलाबदल झाली का? सरळ विचारलं हो. मला त्याच क्षणी कळलं. तो शनिवार डोळ्यांपुढे आला, मखमल आली, सगळं आलं. ‘हो’ म्हणायला केवढंसं तोंड उघडावं लागतं? आणि मी, ज्याचं तोंड कधी मिटत नाही, मला तेवढं उघडता आलं नाही. पेढीवाल्यांना कळलं असतं की यानं दगड फोडला, वर बदलला, तर पुन्हा कोणी खडा हातात दिला नसता. मी म्हटलं, छे, माझ्याकडून नाही. मग त्या म्हणाल्या, मग कसं? आणि मी — तुम्ही मला मारा हवं तर — मी म्हटलं, तुमच्या आईंनीच कधी अडीअडचणीला एक बदलून घेतला असेल. वडिलांच्या आजारपणात वगैरे. घरोघरी होतं असं, म्हटलं, बायका बोलत नाहीत.

शुद्ध थाप. तुमच्या आईंच्या त्या दिवसांत असले खडे बाजारात होते कुठं! पण त्यांना काय ठाऊक. आयुष्यभर मी पोपट सांगितले, लिंबाएवढे खडे सांगितले, कोणी खरं मानलं नाही. एवढी एकच मानली.

अंगठी पुन्हा बोटात घातली त्यांनी. मग म्हणाल्या, असं असेल तर धाकटीला कळता कामा नये. आईनं लपवून विकला हे कळलं तर ती मोडेल. त्यापेक्षा मी घेतला असंच समजू दे. रागावेल, म्हणाल्या, पण ती रागावून रागावून किती दिवस रागावणार?

दोन वर्षं, बाई. दोन वर्षं तुम्ही बोलला नाहीत. हे मी तुम्हाला टोचायला नाही म्हणत. मला रोज पाच मिनिटांचं काम होतं, फोन उचलायचा आणि सांगायचं. त्या आजारी आहेत हेही कळलं होतं. मनात म्हणायचो, या आठवड्यात जाऊ. मग पेपर.

काय म्हणता? भाचीनं पढवलं मला? अहो, मी तिला बघितलंसुद्धा नाही. हं, थाप वाटतेय. वाटणारच, कोणाला दोष देऊ, माझा शब्द माझ्याच दुकानात कोणी घेत नाही. पुरावा? पुरावा कुठून आणू — तुकडे मी ताईंना दिले होते, त्यांनी काय केले देव जाणे. हात जोडतो, खरं आहे हे. नाही पटत? मग… एक आहे. पण ते सांगू नका म्हणाल्या होत्या. वचन घेतलं होतं माझ्याकडून. पण मी आता कशाकशाला म्हणून जपू?

दगड तडकला त्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, की बाई, शाबूत आहे तो तुम्ही का नाही ठेवत, आईची सेवा तुम्ही केलीत, उशाशी तुम्ही होतात. तर म्हणाल्या, उशाशी मी होते, पण आईनं हाक तिला मारली. दोनदा. ‘ठमे, आलीस का? ठमे, आलीस का?’ ठमी वाटेत होती, दोन तासांनी पोचली. मी म्हटलं आले गं आई, आणि तिचा हात धरला, आणि ती मला ठमीच समजून गेली. मग हिरा कुणाचा? ठमीचाच, नाही का? — असं म्हणून हसल्या. आणि म्हणाल्या, हे तिला कधी सांगू नका, आपण वेळेवर नव्हतो म्हणून ती आधीच पोळलीय.

ठमी तुम्हीच ना? हे नाव दुकानात कोणी सांगितलं मला?

…

पाणी घ्या. इथं ठेवतो.

नाही, खडे बदलून मागू नका. त्यांना हवं होतं तसं, आईंचा तुमच्या अंगठीत — नाही जमायचं. या हातांनी मी आता त्या हिऱ्याला चिमटा लावणार नाही. दुसऱ्या कोणाकडे जा, चिठ्ठी देतो. की नकोच बदलायला? बरं. बरं, नको.

तिला? मी? तुम्हीच सांगा ना — तुम्ही मावशी, तुमच्या तोंडून… हो. हो, ते खरं. तुम्ही तिच्या आईला चोर म्हणालात, पण म्हणायला मी लावलं. माझ्याच तोंडून जायला हवं. चष्मा घेतो. राहू दे, शटर उघडंच राहू दे, न्यायचं त्यानं न्यावं. तुम्ही व्हा पुढे, जिना अरुंद आहे. नाही हो, वाटेत नाही काही बोलत. तिथं पोचेपर्यंत एक शब्द नाही.