काकांनी तपासलेला टेंट

तुमच्या घरी कॅम्पचं विचारलं की परत कधी येणार, एवढंच विचारत असतील. आमच्या घरी टेंट म्हणजे काय, इथून सुरुवात झाली.

एस.वाय.ला होते. कॉलेजचा कॅम्प प्रबळगडाच्या पायथ्याशी. घरात परवानगी द्यायची ती मोठ्या काकांनी, आणि काकांचं पनवेलच्या बाजारात कड्या-कुलपांचं दुकान.

"टेंट म्हणजे?"

"तंबू, काका."

"मग तंबू म्हण की. त्याला दार कसलं?"

"चेन असते."

"चेन पिशवीला असते. जिथे दाराला कडी नाही, तिथे आपल्या घरातली मुलगी झोपणार नाही. विषय संपला."

माझा संपला नव्हता. कॉलेजातून टेंट आणला आणि अंगणात ठोकला. "आता आत जाऊन बघा आणि मग नाही म्हणा."

काका वाकून आत शिरले आणि चेन जोरात खाली ओढली. ती तळाशी जाऊन अशी अडकली की हलेचना.

"अगं, उघड!"

मी बाहेरून जीव खाऊन ओढली. काही उपयोग नाही. आई चेनीला घासायला मेणबत्ती आणायला धावली.

"काका, बाहेरून कोणालाच उघडत नाहीये," मी म्हटलं. "आता जाऊ का?"

आतून चेन पुन्हा ओढून पाहिल्याचा आवाज.

"कडीपेक्षा पक्की आहे. जा तू," काका म्हणाले. मग हळूच, "पण आधी मला बाहेर काढ."