दादाचा वाफा

खुर्चीत बसलेल्या माणसाचा हात किती उंच पोचतो, सांगा बरं? मी घरात सगळ्यांना विचारलं होतं, कोणी सांगितलं नाही. दादाचे पाय गेले होते. चाकाच्या खुर्चीत बसून त्याला स्वतःच्या हातानं धने पेरायचे होते, घरचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, खायचा होता.

मला कुठला दम? देऊळघाटहून विटा आणल्या, उभं राहून माझ्या कमरेइतकी उंची धरली आणि एका दिवसात अंगणात मातीच्या गाऱ्यात वाफा उभा केला. शेणखत, काळी माती भरली. दादाची खुर्ची समोर लोटली, तर त्याच्या नाकापुढं नुसत्या विटा.

"अबे, हा वाफा हाय का जेलची भिंत?"

"उद्या वरचे थर काढतो, दादा."

"राहू दे बे. तू वरून पेर, मी खालून शिव्या देतो."

दोघंही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. तिथून तो परत आला नाही.

तेरवी झाल्यावर मी त्याच्या खुर्चीत बसलो. हात आरामात पोचेपर्यंत विटा काढत गेलो, वरची माती सगळी मांडीवर आली. तीन थर निघाले. मग खुर्चीतून न उठता धने रगडले आणि पेरले.