बायकांची बस

ओक ट्री रोडवर चीनच्या व्हिसाचे फोटो काढायच्या रांगेत माझ्यापुढे साठीतलं जोडपं होतं.

"कॉन्फरन्स तीन दिवसांची, आणि तिकीट दहा दिवसांचं?" नवऱ्यानं विचारलं.

"पेपर वाचून झाला की मी चीनची भिंत चढणार."

"तुझा गुडघा?"

"माझा आहे, मी बघेन."

"तू पेपर वाचत असताना मी काय करू?"

"पेपर वाचणाऱ्यांच्या बायकांना फिरवायला बायकांची बस असते ना! सिल्कची दुकानं, लंच, ग्रुप फोटो. तुमच्या सतरा कॉन्फरन्सेसना मी त्याच बसमध्ये होते. तुमचं रजिस्ट्रेशन केलंय."

"मी? बायकांच्या बसमध्ये?"

"हो."

"बॅजवर माझं नाव तरी असेल ना?"

"माझ्या बॅजवर नुसतं 'मिसेस बापट' असायचं. तुमचं पूर्ण नाव घालायला सांगितलंय मी. चला, नंबर आला."