कोट सक्तीचा

क्रूझचं विचारताय, तर सांगण्यासारखं एवढंच हाय. शेवटच्या जेवणाला कोट सक्तीचा, असं पत्रक खोलीत आलं. आमच्या थोरल्या दादांनी त्या जेवणासाठी खास नवं धोतर आणि फेटा आणलेला. दुकानात चिखलाच्या पायाचं गिऱ्हाईक गादीवर बसवणारा मी, पण तिथं लाजलो.

"दादा, दारातनंच परत लावतील. तुम्ही खोलीतच जेवा की."

"बरं," एवढंच म्हणाले.

मी कोट चढवून गेलो. आम्हा दोघांना रोज जेवायला येताना बघणारा दारावरचा मॅनेजर मालवणकडचा निघाला. "तुमचे दादा नाही आले?"

"त्यांच्याकडं कोट न्हाय."

"अहो, धोतर-फेटा चालतो. विचारायचं तरी."

तसाच मागं पळालो. दादा फेट्याची घडी पेटीत ठेवत होते.

"चला दादा, ते सोडतायत."

"त्यांनी कुठं अडवलं हुतं?" दादा म्हणाले. "तूच अडवलंस की."