तांबूचं इंजेक्शन

कल्याणला जनावरांच्या औषधांच्या दुकानात मी मांजरीचं औषध आणायला गेलेलो. माझ्यापुढे एक सासू आणि तिची सून उभ्या होत्या.

"मावशी, हे इंजेक्शन गायीसाठी ना?" दुकानदाराने सासूला विचारलं.

"हो, आमच्या तांबूसाठी. वासरू मोठं झालं, तरी माजावर यायचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, आणून ठेवा, उद्या येऊन टोचतो."

"गाभण नाही ना ती? असली तर याने गाभ पडेल."

"रिकामी आहे रे बाबा. डॉक्टरांनी हात घालून बघितलंय."

"आणि घरात कोणी पोटुशी असेल, तर तिने या बाटलीला हातसुद्धा लावायचा नाही. फुटून अंगावर सांडली तर तिलाही धोका."

"आमचं कुठलं तसं नशीब! गाय तशी, सूनही तशी. दोघींची वाट बघून डोळे थकले माझे. ऐश्वर्या, घे गं ती बाटली, पर्समध्ये टाक."

"आई, तुम्हीच घ्या ना."

"माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजी. तुझे हात मोकळे आहेत की!"

"आहेत. पण तुम्हीच घ्या."

"अगं, एवढीशी बाटली ती! तिचं काय ओझं होणार तुला?"

"ओझं नाही हो आई. दादा आत्ता काय म्हणाले, ऐकलंत ना?"

"काय म्हणाले?"

"हात लावायचा नाही म्हणाले. घरी गेल्यावर सांगणार होते मी तुम्हाला."

"अगं बाई! भाऊ, कागदात गुंडाळा ती. चांगली दोन-तीन कागदांत गुंडाळा. आणि तू बघतेस काय? हो तिकडे लांब. अजून लांब. अगं, एवढी नको, रस्त्यावर गाड्या आहेत!"