पाकिटावरची आक्का

ब्राह्मी: ही बाई कोण रं, अरिहंत?

अरिहंत: कुठली?

ब्राह्मी: तुझ्या चटणीच्या पाकिटावरची. नथ घालून उखळात कुटायलीया ती.

अरिहंत: ती आक्का. वर लिहिलंय बघ, ‘आक्काची चटणी’. नाव कसं आहे? मराठीत चालतं, कन्नडमध्ये चालतं. एका पाकिटात दोन राज्यं.

ब्राह्मी: आक्का मी हाय.

अरिहंत: तू माझी आक्का. ही ब्रँडची आक्का.

ब्राह्मी: कुणाच्या घरातली हाय?

अरिहंत: कुणाच्याच नाही. कॉम्प्युटरनं काढलीय.

ब्राह्मी: म्हनून हिला सहा बोटं हाईत व्हय?

अरिहंत: कुठं? दाखव... अरे देवा. असू दे. सगळी छापून झालीत. पाकीट हातात धरलं की गिऱ्हाइकाचा अंगठा बरोब्बर तिथंच येतो.

ब्राह्मी: कुटायला बरी, एक बोट जादा असलं की. पन माझा फोटो काढला व्हतास की रं. अंगणात हुबं करून. हसून हसून तोंड दुखलं माझं. त्यो कुठं गेला?

अरिहंत: तो टेस्टिंगला दिला होता.

ब्राह्मी: नापास झाला?

अरिहंत: नापास नाही गं. बेळगावच्या उद्योजक शिबिरात सर म्हणाले, चेहरा घरगुती वाटला पाहिजे.

ब्राह्मी: मी घरगुती न्हाय? चिकोडीला नांदायला गेलते, तितनं माघारी आले, ती ह्या सैपाकघरात बसलीया. मानसानं आनि किती घरगुती व्हायचं?

अरिहंत: तसं नाही. जरा भरलेलं दिसायला पाहिजे.

ब्राह्मी: काय भरलेलं?

अरिहंत: कपाळ.

ब्राह्मी: हं.

अरिहंत: हे बघ आक्का, मी असलं काही मानत नाही. पुण्यात राहून आलेला माणूस आहे मी. पण गिऱ्हाईक मानतं. आणि मी गिऱ्हाइकाला मानतो.

ब्राह्मी: म्हंजे सहा बोटांची चालते. बिनटिकलीची चालत न्हाय.

अरिहंत: तू फार मनावर घेतेस. चटणी तुझीच आहे ना? मागं छापलंय बघ, ‘मायेच्या हातांची चव’. ते हात तुझेच.

ब्राह्मी: हात माझं, तोंड हिचं. बरं, ऱ्हाऊ दे. पाहुनं यायला लागलं असतील. कंचं लुगडं नेसू सांग, हिरवं का निळं? उद्घाटनाची फीत मी कापायची म्हनून दोन्ही काढून ठेवल्यात.

अरिहंत: तेच सांगायला आलोय. आप्पा म्हणाले, ब्राह्मीला मागं भट्टीपाशी बसू दे. तिथं कुणीतरी जबाबदार पाहिजेच. फीत आक्का कापेल.

ब्राह्मी: कंची आक्का?

अरिहंत: पाकिटावरची.

ब्राह्मी: ती कॉम्प्युटरातली न्हवं?

अरिहंत: तिच्यासारखी एक मिळालीय, बेळगावात अनगोळची. नाटकात कामं करतात. पाच बोटांच्या आहेत, पण चेहरा जुळतो. मालुबाई, या आत!

मालुबाई: नमस्कार ओ. ही नथ लई टोचते. जरा सैल करू काय?

अरिहंत: नको, तशीच असू दे. आक्का, ह्यांना चटणीचं सगळं नीट सांग. लोक विचारतील. मी मंडपात बघून येतो.

मालुबाई: सांगा ओ ताई. पाठांतर पक्कं आहे माझं. मागल्या महिन्यात संकेश्वरला एका दाताच्या डॉक्टरची आई झाले होते. त्याच्या आधी सिमेंटच्या दुकानात लक्ष्मी.

ब्राह्मी: शेंगदानं बारीक आचेवर भाजायचं. टरफलावर काळं डाग पडाय लागलं की उतरवायचं.

मालुबाई: डाग पडले की उतरवायचे. पुढं?

ब्राह्मी: गार झालं की तिखट, जिरं, मीठ. मग तेल सुटंस्तवर उखळात कुटायचं.

मालुबाई: लसूण किती?

ब्राह्मी: लसूण न्हाय. आमी जैन.

मालुबाई: मग आज मी पण जैन काय?

ब्राह्मी: आज हाईसा.

मालुबाई: बरं झालं विचारलं. येताना लसणीचं भडंग खाऊन आलेय. लांबूनच बोलते सगळ्यांशी. आणि कुणी विचारलं, हे सुचलं कसं, तर?

ब्राह्मी: मालक गेल्यावर सासरी मला पंगतीत वाढाय सोडायची न्हाईत. आत बसून कुटत ऱ्हायाचं. कुटता कुटता हात बसला.

मालुबाई: असंच सांगू?

ब्राह्मी: नगं. पाकिटावर मागं काय छापलंय बघा.

मालुबाई: ‘सासूबाईंच्या प्रेमळ मार्गदर्शनातून साकारलेली चव.’

ब्राह्मी: तेच सांगा.

मालुबाई: ओ ताई, एक बोलू? भावाला सांगू नका तुमच्या. माझे मालक पण वारलेत. करोनात.

ब्राह्मी: आनि ही टिकली?

मालुबाई: ही कामाची. एसटीत बसले की लावते. घराकडं वळले की काढते.

ब्राह्मी: कुनी इच्यारत न्हाय?

मालुबाई: लावलेली असली की कोण विचारतंय ओ? नसली की विचारतात.

ब्राह्मी: खरं हाय.

मालुबाई: टिकल्यांचं पाकीट आहे माझ्या पर्समध्ये. एक लावा की तुम्ही. हिरवं लुगडं नेसा, नथ घ्या माझी, आणि जाऊन कापा फीत. मी भट्टीपाशी बसते. तशी मला सवय आहे बसायची.

ब्राह्मी: तुमचं बरं हाय, तुमी अनगोळच्या. हितं निपाणीत समदी वळखत्यात मला.

मालुबाई: ओळखतात म्हणून तर...

ब्राह्मी: म्हनूनच न्हाय.

अरिहंत (बाहेरून): आक्का! ए आक्का! ये की गं लवकर, सगळे तुझ्यासाठी थांबलेत!

मालुबाई: तुम्हाला बोलवतात काय ओ?

ब्राह्मी: न्हाय. तुमाला.