सुनंदाची फायनल

हसा लेको, पण सुडोकूची चॅम्पियन आता माझ्या घरात आहे. माझी बायको, सुनंदा!

आता नाद खरं तर माझा. दरवर्षी स्पर्धेला बुऱ्हाणपूरहून इंदूरला जातो आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. यंदा सुनंदाला म्हटलं, "चल, तेवढंच तुझं इंदूर फिरणं होईल." तिथं पोचल्यावर तिनंही नाव दिलं. घरी माझ्यासोबत सोडवायची ना ती. मी धीर दिला, "घाबरू नको. नाही जमलं तर उठून ये."

पहिल्या फेरीत मीच उठलो. ती थेट फायनलला!

समोर कॉलेजात शिकणारा एक जण होता. त्यानं आधी हात वर केला. परीक्षकांनी कागद तपासला, तर एकाच ओळीत दोनदा सहा. बाद! सुनंदानं या गडबडीत मान वर केली नाही. शेवटचा आकडा लिहिला, सगळं पुन्हा एकदा पाहिलं, मग हात वर केला. सगळं बरोबर!

शेजारच्यानं विचारलं, "ये भाभीजी कहाँ की हैं?"

मी उभाच राहिलो. "बुरहानपूर की. हमारी मिसेस हैं!"

तेवढ्यात निवेदकानं तिच्यापुढे माईक धरला. "मॅडम, आपको सुडोकू किसने सिखाया?"

तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. अख्खा हॉल वळून बघायला लागला. मी कॉलर नीट केली.

"इन्होंने," ती म्हणाली. "जितना इनको आता था, उतना."